जगातली सर्वात जुनी दोस्ती आणि आपली वसई

१६ जून १३७३ रोजी लंडनमध्ये इंग्लंड आणि पोर्तुगाल या दोन देशांनी मैत्रीच्या तहावर सह्या केल्या. माहीमचे फकीह मखदूम अली माहीमी रहमतुल्लाह अलैह यांचा जन्म १३७२ चा, म्हणजे तेव्हा ते जेमतेम वर्षाचे असतील. इतका हा तह जुना. आणि तो आजही कागदोपत्री चालू आहे. २०२३ मध्ये त्याला ६५० वर्षं झाली म्हणून लंडनमध्ये सोहळाही झाला. आजवर टिकलेली जगातली सर्वात जुनी राजनैतिक मैत्री म्हणून तिचं नाव घेतलं जातं.

यात वसई-विरारकरांचं काय, असं कुणी विचारेल. पण याच दोस्तीतून मुंबई एका राजाकडून दुसऱ्या राजाकडे गेली आणि वसई मात्र पोर्तुगीजांकडेच राहिली. ही दोस्ती असूनही १७३९ मध्ये वसईचा किल्ला एकटा पडला. आणि अलीकडे "पोर्तुगालच्या पासपोर्टवर लंडन" असं जे बोलणं नालासोपाऱ्यापासून दमणपर्यंत कानावर येतं, त्याची मुळंही याच गोष्टीत आहेत. शाळेत आम्ही मुलांना पोर्तुगीज वेगळे, इंग्रज वेगळे असे धडे शिकवतो. या दोघांचं आपापसात काय नातं होतं, हे पुस्तकात दोन ओळींच्या पुढे जात नाही. म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो आहोत.

आधी वसई पोर्तुगीजांकडे आली कशी ते पाहू. गुजरातचा सुलतान बहादूरशाह एकीकडे हुमायूनच्या दबावाखाली होता. दोन्हीकडून लढणं जमणार नव्हतं. त्याने २३ डिसेंबर १५३४ रोजी पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्हा याच्याशी तह करून वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख देऊन टाकला. साष्टी आणि मुंबईची बेटंही त्यातच आली. या तहातली एक अट आपल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. गुजरातहून लाल समुद्राकडे जाणाऱ्या जहाजांनी वसईहून निघायचं, आणि परतताना वसईलाच येऊन जकात भरायची. लाल समुद्र म्हणजे जेद्दा, आणि जेद्दा म्हणजे हजची वाट. त्या काळी वसई बंदराला काय महत्त्व आलं असेल, याचा अंदाज यावरून करता येतो.

पुढे समुद्रावर पोर्तुगीजांचा परवाना घेतल्याशिवाय जहाज हाकारणं धोक्याचं झालं. या परवान्याला 'कर्ताझ' म्हणत. अकबराच्या काळात तर यावरून मोठा वाद झाला. अशा परवान्यावर प्रवास करावा लागत असेल तर हज फर्ज राहत नाही, असा फतवा मखदूम-उल-मुल्क अब्दुल्लाह सुलतानपुरी यांनी दिल्याचं बदायुनी लिहितो. बरं, परवाना असला तरी भरवसा नव्हताच. १६१३ मध्ये जहांगीरच्या आईचं, मरियम-उझ-जमानी यांचं 'रहिमी' हे जहाज पोर्तुगीजांनी सुरतेजवळ पकडलं आणि गोव्याला नेलं. हजचे मुसाफिर त्यात होते, आणि पोर्तुगीजांचा परवानाही होता. जहांगीरने मग पोर्तुगीजांचा व्यापार बंद केला, दमणला वेढा घातला.

पण पोर्तुगीजांनी आपल्याच परवान्याचं जहाज का पकडावं? कारण बादशहाने इंग्रजांना सुरतेत पाय ठेवू दिला होता. वर्षभरापूर्वीच, १६१२ मध्ये, सुरतेजवळ सुवाळीच्या किनाऱ्यावर इंग्रज आणि पोर्तुगीज जहाजांची लढाई झाली होती.

इथे प्रश्न पडतो, की १३७३ पासूनचे दोस्त आपल्या किनाऱ्यावर एकमेकांवर तोफा का डागत होते? याचं उत्तर युरोपात आहे. १५८० मध्ये पोर्तुगालचं तख्त स्पेनच्या राजाकडे गेलं. स्पेन आणि इंग्लंडचं हाडवैर. त्यामुळे स्पेनचा शत्रू तो आपोआप पोर्तुगालचाही शत्रू झाला. १५८८ मध्ये इंग्लंडवर चाल करून गेलेलं स्पेनचं प्रसिद्ध आरमार निघालं होतं ते लिस्बनच्या बंदरातून. १६२२ मध्ये इराणच्या शाह अब्बासला साथ देऊन इंग्रज कंपनीने पोर्तुगीजांचं होर्मुझ घेतलं, तेही याच काळात. म्हणजे मैत्रीचा तह पेटीत सुरक्षित होता, आणि माणसं मरत होती.

यातली आम्हाला सर्वात भावलेली गोष्ट अशी, की समझोता आधी युरोपात झाला नाही, तो आपल्याकडे झाला. १६३५ मध्ये सुरतेच्या इंग्रज वखारीचा प्रमुख विल्यम मेथवोल्ड गोव्याला गेला आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयबरोबर त्याने युद्धबंदी केली. दोघांनाही डच जड जात होते, व्यापार बुडत होता. त्यानंतर पाच वर्षांनी, १६४० मध्ये, पोर्तुगाल स्पेनपासून सुटला आणि १६४२ मध्ये इंग्लंडशी नवा तह झाला.

मुंबई आंदण दिली, म्हणजे नेमकं काय दिलं?

स्पेनपासून सुटलेल्या पोर्तुगालला पाठीराखा हवा होता. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला पैसा हवा होता. म्हणून २३ जून १६६१ रोजी लग्नाचा तह झाला. पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन हिच्याबरोबर वीस लाख क्रुझादो रोख, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं टँजिअर आणि आपली मुंबई द्यायचं ठरलं. बदल्यात इंग्लंडने पोर्तुगालचं रक्षण करायचं. आपल्याकडे मेहर आणि जहेज यांत फरक करायला लहानपणी शिकवतात. मेहर नवरा देतो, तो बायकोचा हक्क. इथे उलटं होतं, वधूच्या घराने वराला दिलेला हा सरळसरळ हुंडा होता. राजघराण्यांतही हुंड्याची रक्कम वेळेवर पुरी मिळत नाही हेही दिसलं, चार्ल्सला कबूल केलेल्या पैशांसाठी बराच तगादा लावावा लागला.

सप्टेंबर १६६२ मध्ये अर्ल ऑफ मार्लबरोच्या जहाजांतून सर अब्राहम शिपमन सुमारे चारशे सैनिक घेऊन मुंबई ताब्यात घ्यायला आला. आणि इथे खरी गंमत सुरू झाली. लंडन आणि लिस्बनमध्ये ज्यांनी सह्या केल्या त्यांनी मुंबई पाहिलेली नव्हती. तहात मुंबईचं बंदर आणि बेट, त्याच्या सगळ्या हक्कांसह आणि मुलखासह, असं लिहिलेलं. इंग्रज म्हणाले, म्हणजे साष्टी आणि ठाणंसुद्धा. पोर्तुगीज म्हणाले, छे, फक्त एक बेट. माहीमसुद्धा नाही. साष्टी, वांद्रे, ठाणे हा सगळा मुलूख वसईच्या कारभाराखाली होता. पोर्तुगीजांच्या उत्तरेकडच्या प्रांताचा मुख्य अधिकारी वसईच्या किल्ल्यात बसायचा. तिथल्या जमीनदारांना, पाद्र्यांना मुंबई दिलेली मुळीच पसंत नव्हती. व्हाइसरॉय अंतोनियो द मेलो इ कास्त्रो त्याच ताफ्यातून आला होता, पण त्यानेही कागदपत्रांत खोट काढली आणि ताबा द्यायचं नाकारलं. तालुक्याच्या कचेरीत फेरफाराच्या अर्जावर जशी एकेक हरकत निघते, अगदी तसंच.

शिपमनच्या सैनिकांना उतरायला जागाच मिळाली नाही. ते कारवारजवळच्या अंजदिव बेटावर जाऊन राहिले. तापाने, रोगराईने माणसं मरत गेली. १६६४ मध्ये शिपमन स्वतः वारला. मागे उरले शंभराच्या आसपास. शेवटी त्याचा चिटणीस हंफ्री कुक याने पोर्तुगीजांच्या सगळ्या अटी मान्य केल्या आणि १८ फेब्रुवारी १६६५ रोजी मुंबईचा ताबा घेतला. ज्या घरात हा कागद झाला ते मुंबईची मालकीण समजल्या जाणाऱ्या दोना इनेस द मिरांदा या पोर्तुगीज विधवेचं होतं.

कुकने मान्य केलेल्या अटी वाचल्या की सामान्य माणूस यात कुठे होता ते कळतं. साष्टी-वांद्र्याच्या होड्यांना मुंबईच्या बंदरातून मोकळी ये-जा, रहिवाशांच्या धर्माला हात लावायचा नाही, आणि पोर्तुगीज मुलखातून पळून आलेल्या कुणबी-भंडाऱ्यांना आसरा द्यायचा नाही. तेव्हा लोक पळत असणार, नाहीतर हे कलम लिहायची गरजच काय? इंग्लंडच्या राजाने या अटी पुढे झिडकारल्या. कुकने स्वतःही ताबा मिळताच माहीम घेऊन टाकलं. व्हाइसरॉयने आपल्या राजाला आधीच लिहून कळवलं होतं, की ज्या दिवशी इंग्रज मुंबईत बसतील त्या दिवशी आपला हिंदुस्थान गेला म्हणून समजा. १६६८ मध्ये चार्ल्सने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड खंडाने दिली.

त्यानंतर सत्तर वर्षं माहीमची खाडी ही दोन दोस्तांमधली सरहद्द होती. मुंबईतून कल्याणकडे माल न्यायचा तर ठाण्याच्या खाडीतून जावं लागे, आणि तिथे पोर्तुगीज जकात घेत. इंग्रज म्हणत, मैत्रीच्या तहात मोकळी वाट आहे. पोर्तुगीज म्हणत, जकात भरा आणि खुशाल जा. वांद्र्याच्या जेझुइटांच्या मुंबईतल्या जमिनींवरून भांडण झालं. १७२० मध्ये इंग्रजांनी पोर्तुगीज पाद्र्यांना मुंबईतून घालवून दिलं. याच काळात युरोपात मात्र संबंध दृष्ट लागण्यासारखे होते. १७०३ मध्ये व्यापाराचा मोठा करार झाला, पोर्तुगालची दारू इंग्लंडला आणि इंग्लंडचं लोकरी कापड पोर्तुगालला जायला लागलं.

वसईच्या वेढ्यात दोस्त कुठे होता?

१७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं आणि साष्टी घेतली. १७३९ च्या फेब्रुवारीत चिमाजी अप्पा वसईसमोर आले. किल्ल्यातल्या पोर्तुगीजांनी मुंबईच्या इंग्रजांकडे मदत मागितली. समोरासमोरचं अंतर, होडीने काही तासांचं. इंग्रजांनी थोडी दारू-गोळी दिली. सैन्य दिलं नाही. शेवटी शेवटी १५,००० रुपये कर्जाऊ दिले, तेही चर्चमधली चांदीची भांडी आणि पितळी तोफा तारण ठेवून. १६ मे १७३९ रोजी वसई पडली. दोन महिन्यांच्या आत, जुलैमध्ये, इंग्रजांचा कॅप्टन इंचबर्ड वसईला आला आणि चिमाजी अप्पांशी तह करून गेला.

याला दगाबाजी म्हणावी का? पुष्कळ जण म्हणतात. आम्हाला वाटतं, आधी कागद वाचावा. १६६१ च्या तहाला एक गुप्त कलम जोडलेलं होतं. त्यात पोर्तुगालच्या हिंदुस्थानातल्या ठाण्यांचं रक्षण करायचं वचन होतं, पण ते डचांविरुद्ध. मराठ्यांचं नावही त्यात नव्हतं. शिवाय वचन दिलं होतं इंग्लंडच्या राजाने, आणि मुंबईत बसली होती कंपनी. कंपनीला शेजाऱ्याशी वैर घेऊन धंदा बुडवायचा नव्हता. खरं म्हणजे डचांविरुद्धचं वचनही पाळलं गेलं नाही. जानेवारी १६६३ मध्ये डचांनी कोची घेतली, तेव्हा इंग्रज सैनिक मुंबईच्या ताब्याची वाट पाहत खोळंबले होते.

पुढचा प्रकार तर याहून मासलेवाईक आहे. १७७४ मध्ये बातमी आली, की वसई आणि साष्टी परत घ्यायला पोर्तुगालहून आरमार गोव्यात आलं आहे. दोस्ताला मदत करायची सोडून मुंबईच्या इंग्रजांनी घाईघाईने स्वतःच ठाण्यावर हल्ला केला आणि डिसेंबरअखेर ते जिंकलं. दोस्ताच्या हाती पडण्याआधी आपणच घ्यावं, असा हा हिशेब. १७८० मध्ये जनरल गोडार्डने वसईही घेतली, सालबाईच्या तहाने ती मराठ्यांना परत गेली. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने याच वसईत इंग्रजांशी तह करून आपलं स्वातंत्र्य गहाण टाकलं, हे सर्वांना माहीत आहे. पोर्तुगीज तोवर इथून कायमचे गेले होते.

आणि तरीही ही मैत्री खोटी नव्हती. १७६२ मध्ये स्पेनने पोर्तुगालवर चाल केली तेव्हा इंग्रज फौज मदतीला गेली. नेपोलियनच्या वेळी पुन्हा गेली. १८०८ मध्ये पोर्तुगालच्या किनाऱ्यावर ती फौज घेऊन उतरलेला सेनापती होता आर्थर वेलस्ली. वसईच्या तहानंतर बाजीरावाला पुण्याच्या गादीवर नेऊन बसवणारा तोच. जिथे इंग्लंडचा फायदा होता तिथे तह जागा झाला. १८७८ मध्ये या दोघांनी हिंदुस्थानपुरता एक करार केला. त्यात गोवा-दमणच्या मिठाचा मक्ता इंग्रजांनी घेतला आणि त्याबदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये द्यायचं ठरवलं. आपल्या पट्ट्यात मिठागरांचं काय मोल आहे हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचा अर्थ सांगायला नको. १८९० मध्ये तर आफ्रिकेतल्या जमिनीवरून इंग्लंडने पोर्तुगालला थेट धमकी दिली. त्या अपमानाच्या संतापात जे गाणं तयार झालं तेच आज पोर्तुगालचं राष्ट्रगीत आहे.

१९४३ मध्ये मात्र चर्चिल यांनी पार्लमेंटमध्ये उभं राहून १३७३ च्या तहाचा हवाला दिला आणि अझोर्स बेटांवर तळ मिळवला. पोर्तुगाल युद्धात तटस्थ होता, तरी नाही म्हणाला नाही. मग १९६१ मध्ये पोर्तुगालची वेळ आली. सालाझार सरकारने गोव्यासाठी इंग्लंडकडे त्याच दोस्तीची आठवण काढली. इंग्लंडने लष्करी मदत देण्यास नकार दिला. भारत कॉमनवेल्थचा सदस्य, त्याच्याशी लढणं शक्य नाही, ही त्यांची भूमिका. संयुक्त राष्ट्रांत युद्धबंदीच्या ठरावाला इंग्लंडने मत दिलं, पण सोव्हिएत रशियाने नकाराधिकार वापरून तो पाडला. १९ डिसेंबरला गोवा, दमण, दीव भारतात आले.

त्याआधीची एक गोष्ट आपल्या पालघर जिल्ह्याला अगदी लागून घडली. तलासरीच्या पलीकडचं दादरा आणि नगर हवेली १९५४ मध्ये मुक्त झालं. पोर्तुगालने १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला, की दमणहून तिथे जायची वाट भारताने अडवली. न्यायालयाने १२ एप्रिल १९६० रोजी निकाल दिला. १७७९ चा पुण्याचा तह आणि मराठ्यांच्या सनदा तिथे उलगडून वाचल्या गेल्या. त्या सनदांनी पोर्तुगीजांना फक्त महसूल दिला होता, राज्य नव्हे, असं न्यायालयाने ठरवलं. मात्र पुढे इंग्रजांनी तिथे त्यांची सत्ता गृहीत धरली, म्हणून ती सत्ता मान्य झाली. सामान्य माणसं आणि माल यांना वाट होती, फौजेला नव्हती, आणि भारताने काही मोडलं नाही, असा निकाल लागला. भारत आणि पोर्तुगाल यांचे तुटलेले संबंध ३१ डिसेंबर १९७४ च्या तहाने पुन्हा जुळले.

आता पासपोर्टचं बोलू

पोर्तुगालच्या कायद्यात गोवा, दमण आणि दीव इथे १९६१ पूर्वी जन्मलेल्यांना पोर्तुगीज नागरिकत्वाची वाट ठेवलेली आहे. त्यांची मुलं, आणि अटी पूर्ण झाल्या तर नातवंडं, अर्ज करू शकतात. जन्माची नोंद आधी लिस्बनला करावी लागते. या वाटेने दमण-दीवची कितीतरी मुस्लिम आणि हिंदू कुटुंबं लेस्टरला स्थायिक झाली, गोव्याची स्विंडनला. पण ते पोहोचले ते १३७३ च्या दोस्तीमुळे नाही. दोन्ही देश युरोपियन युनियनमध्ये होते, इंग्लंड १९७३ पासून, पोर्तुगाल १९८६ पासून, म्हणून एकाच्या नागरिकाला दुसऱ्याकडे राहून काम करता येत होतं. ती मुभा ३१ डिसेंबर २०२० ला संपली. त्या तारखेपर्यंत जे तिथे राहत होते त्यांना ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करून हक्क टिकवता आला. आज नव्याने पोर्तुगीज पासपोर्ट घेणाऱ्याला इंग्लंडमध्ये नोकरी करायची तर इतर परदेशी माणसासारखाच व्हिसा लागतो. सहा शतकांची मैत्री यात एका दिवसाचीही सवलत देत नाही. पोर्तुगाल, फ्रान्स, जर्मनी हे देश मात्र या पासपोर्टवर खुले आहेत.

"वसईसुद्धा पोर्तुगीजांचीच होती ना, मग आपलंही होईल," असं सांगणारे मध्यस्थ भेटले तर त्यांना १७३९ हे साल सांगावं. आजच्या कुणाचे आजोबा पोर्तुगीज वसईत जन्मलेले असणं शक्य नाही. आई किंवा वडिलांकडून कुणी दमणचं असेल, आजी-आजोबांचा जन्म तिथला १९६१ पूर्वीचा असेल आणि त्याचा मूळ दाखला असेल, तरच ही वाट खुली आहे. नाव, तारीख, आईचं नाव यांत कागदोकागदी फरक असला की अर्ज अडकतो, आणि आपल्या घरांत असे फरक नेहमीचेच, एका कागदावर शेख, दुसऱ्यावर नुसतं पहिलं नाव.

अर्ज करण्याआधी घरात एकदा बसून आणखी एक हिशेब करावा. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं की १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे भारताचं जातं, भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो. नंतर ओसीआय कार्ड मिळू शकतं, त्यावर येणं-जाणं, राहणं होतं, पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली ठेवता येते. ज्यांची अर्धी वाडी अजून काकांच्या नावावर आहे, त्यांनी सात-बाराचं काम आधी उरकून घ्यावं.